पाच वाजता मरणारं विधेयक

१

कपाटात लाल फडकं जागेवर होतं. नीट चौपदरी घडी घातलेलं. काल संध्याकाळी तिने स्वतःच्या हातांनी त्यात बांधलेलं विधेयक तेवढं नव्हतं.

घडीवर एक पत्र ठेवलेलं. जाड पिवळसर कागद, माथ्यावर केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाचं बोधचिन्ह, खाली टंकलेला मजकूर: ‘पाळणाघर विधेयकाची मूळ प्रत आमच्या सभागृहापुढे ठेवावयाची असल्याने ताब्यात घेण्यात येत आहे. सभागृहाच्या आदेशावरून.’ सही म्हणजे नुसता एक फराटा.

तिने कपाटाचे सगळे कप्पे उपसले. खालचा वर केला, वरचा खाली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

राज्याच्या विधानसभेची पाच वर्षांची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. सभागृहाने काल शेवटच्या बैठकीत हे विधेयक संमत केलं, अध्यक्षांनी तिथेच सही केली. आता पाचच्या आत ते समोरच्या राजभवनात राज्यपालांच्या कार्यालयात पोचलं, तर कायदा व्हायच्या रांगेत. नाही पोचलं, तर विधानसभेबरोबर तेही मेलं. दुसरी प्रत काढून भागणार नव्हतं. अध्यक्षांची सही सभागृह बसलेलं असतानाच होते, आणि सभागृह काल उठलं ते उठलं.

तिला सगळे दप्तरबाई म्हणत. विधानभवनाच्या दप्तरखान्यात ती दोन वर्षं हंगामी होती. सकाळी अकरा ते सव्वाअकरा ती जागेवर नव्हती. सासूबाई रोज त्या वेळी आठ महिन्यांच्या ठमीला घेऊन मागच्या दाराशी येत, आणि ती जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या आडोशाला बसून लेकीला पाजत असे. विधेयक त्याच गोष्टीबद्दल होतं. वीसपेक्षा जास्त माणसं जिथे काम करतात, तिथे तान्ह्या मुलांसाठी एक खोली: कलम तीन.

“काय झालं, बाई?”

दारात सचिवसाहेब उभे होते. विधानसभेचे सचिव, पस्तीस वर्षांची नोकरी, पुढच्या महिन्यात निवृत्ती. पाठीमागे सगळे त्यांना गवंड्याचा ओळंबा म्हणत. टेबलावरची टाचणीसुद्धा वाकडी खपत नसे त्यांना.

तिने पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“तुम्ही कुठे होतात?”

“जिन्याखाली, साहेब. मुलीला...”

“हं.” त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिच्याच टेबलावरचा एक कोरा कागद ओढला.

२

‘माझ्या निष्काळजीपणामुळे मूळ प्रत गहाळ झाली,’ असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

“सही करा. पोलिसांपर्यंत जाऊ देणार नाही मी. निलंबनावर भागेल.”

“पण मी गहाळ केलेलं नाही.”

“कपाट कोणाच्या ताब्यात?”

“माझ्या. किल्ली मात्र दारामागच्या खिळ्याला असते, साहेब. सगळ्या भवनाला ठाऊक आहे. दोन वर्षांत तीन अर्ज दिलेत मी, कुलूप बदला म्हणून. तिन्हींवर तुमचाच शेरा आहे, ‘पाहू’.”

सचिवसाहेबांनी कागदाची कड टेबलाच्या कडेला जुळवली. “बाई, लेकुरवाळ्या आहात. मी तुमच्या वडिलांच्या जागी. हट्ट करू नका.”

‘वडिलांच्या जागी’ ऐकून तिने कागद परत त्यांच्याकडे सरकवला. तिचे वडील शिवणकाम करत. चुकीचं माप कधी दुसऱ्याच्या माथी मारलं नाही त्यांनी.

“सही करणार नाही,” ती म्हणाली. “पाचपर्यंत वेळ आहे ना? तोवर विधेयक शोधते. नाही सापडलं तर जे लिहायचं ते मी माझ्या अक्षरात लिहीन.”

“दप्तरखाना सोडून भवनभर फिरणार? कोणाच्या परवानगीने?”

“तुमच्याच, साहेब. गहाळ कागद शोधणं हे दप्तरखान्याचं काम आहे. नियमावलीत आहे. पान बाहत्तर.”

पान बाहत्तर म्हटल्यावर ओळंब्याने पेनाला टोपण घातलं. ते वळले आणि सरळ रेषेत निघून गेले.

मार्गिकेच्या टोकाला बसणाऱ्या हवालदाराला तिने गाठलं. भवनाची सगळी ये-जा त्याच्या डोळ्यांखालून होत असे.

“अकरा ते सव्वाअकरा? तिघं गेले तुमच्याकडे,” तो बोटांवर मोजत म्हणाला. “आधी सचिवसाहेब, मग छापखान्याचे मास्तर, शेवटी आपले पाहुणे. तिघंही गेले तसे आले. आणि एक सांगतो, दप्तरबाई, आज शेवटचा दिवस म्हणून फाटकावर एकेकाची पिशवी झडतेय. अध्यक्षांचा डबासुद्धा उघडला. चिटोरंही बाहेर गेलेलं नाही.”

म्हणजे विधेयक भवनातच होतं. पण कुठे?

३

पाहुणे म्हणजे केंद्रातून दोन वर्षांसाठी पाठवलेले अधिकारी. केंद्र आणि राज्य यांच्यातल्या पत्रव्यवहारासाठी त्यांना कोपऱ्यातली खोली दिली होती. खोलीला दार होतं पण कडी नव्हती, आणि टेबलावर त्या पिवळसर कागदांची थप्पी उघडी पडलेली. कोणीही यावं, एक उचलावा.

त्यांनी पत्र वाचलं आणि हसले. “माझ्यावर आलं म्हणायचं.”

“यायलाच हवं. कागद तुमचा, आणि विधेयक तुम्हाला नकोय.”

“नकोच आहे. खोटं कशाला बोलू? बसा.” त्यांनी खुर्ची सरकवली. “बाई, पोलीस, जमीन, दवाखाने, हे तुमच्या राज्याचं. सैन्य, चलन, परराष्ट्र हे आमचं. त्यात आपण एकमेकांच्या अंगणात जात नाही. पण कामगार हा विषय सामायिक भिंतीसारखा. दोघांनाही खिळा ठोकता येतो. आम्ही आधीच ठोकलाय: पाचशे कामगार असतील तर पाळणाघर. तुम्ही म्हणता वीस. भांडण लागलं की केंद्राचा कायदा वरचढ.”

“राष्ट्रप्रमुखांनी आमच्या कायद्याला संमती दिली तर नाही.”

“अरे वा! दप्तरखान्यात बसून वाचताही म्हणायचं.”

“तिथे दुसरं करायचं काय? सकाळी दप्तरखान्यात काय शोधत होतात?”

“जुना अहवाल. तुम्ही नव्हतात, परत आलो.”

“आणि काल सभागृहात होतात तुम्ही?”

“कोणत्या सभाग... हां.” त्यांनी कपाळावर हात मारला. “तुमच्याकडे एकच. बघा ना, वीस वर्षांची सवय. आमच्याकडे दोन. नुसतं ‘सभागृह’ म्हटलं तर चहावालासुद्धा विचारतो, वरचं की खालचं? चहा वेगवेगळा लागतो दोन्हीकडे.”

ती हसली नाही. “तुम्हाला विधेयक नको होतं. संधी होती. कागद तुमचा.”

पाहुणे पुढे झुकले. “आता माझं ऐका. राज्यपाल कोण नेमतं? केंद्र. विधेयक त्यांच्याकडे गेलं की ते म्हणतील, हे केंद्राच्या कायद्याशी भिडतंय, राष्ट्रप्रमुखांसाठी राखून ठेवतो. मग ते तिकडे येईल आणि एखाद्या टेबलावर वर्षभर ऊन खाईल. माझ्याकडे अडवायला हमरस्ता असताना मी खिडकीतून का उडी मारू? चोरी कोण करतं? ज्याला उघडपणे नाही म्हणायची सोय नसते तो.”

ते बोलणं तिला आवडलं नाही. पण खोडता येईना.

ती उठली तसे पाहुणे म्हणाले, “छापखान्यात विचारलंत? मास्तर काल चारचौघांत म्हणत होते, हा कायदा आला तर मी तो माझ्याच यंत्राखाली घालीन.”

४

छापखाना तळघरात होता. मास्तर म्हणजे तिथले फोरमन, शाईने काळे झालेले हात आणि जीभ त्याहून तिखट.

“म्हटलं! अजून म्हणतो!” ते यंत्राच्या आवाजावरून ओरडले. “बांधणीखात्यात पंचेचाळीस बायका आहेत माझ्या. पाळणाघर काढायचं कुठे? माझ्या डोक्यावर? नवीन यंत्र ठेवायला जागा मागतोय सहा वर्षं, ती मिळेना!”

“म्हणून विधेयक उचललंत?”

मास्तरांनी यंत्र बंद केलं. तळघर एकदम रिकामं वाटलं.

“पोरी,” ते हळू आवाजात म्हणाले, “तीस वर्षं या राज्याचा एकेक कायदा मी जुळवलाय. जे आवडले नाहीत तेही. जास्तच नीट जुळवले ते. सही झालेली प्रत मी उचलीन? सकाळी मुद्रितं परत द्यायला आलो होतो. तुझ्या टेबलावर ठेवली, बघ जा.”

मुद्रितं टेबलावर होती खरी, तिने सकाळीच पाहिली होती. तिने पिवळं पत्र त्यांच्यापुढे धरलं. मास्तरांनी ते हातात न घेताच वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

“हे केंद्राचं? कोण्या गाढवाने लिहिलंय?”

“का हो?”

“अगं, केंद्राच्या राजपत्राची आपल्या भाषेतली आवृत्ती मीच छापतो. दर आठवड्याला. दोन सभागृहं, दोन मथळे, छपाईचे खिळेही दोन्हींचे वेगळे ठेवलेत त्यासाठी. हे नुसतं ‘आमचं सभागृह’? तिकडचा पोऱ्यादेखील असं लिहिणार नाही. आणि राज्याचं विधेयक तिकडच्या सभागृहापुढे कशाला ठेवतील? ते राज्यपालांकडून राष्ट्रप्रमुखांकडे जातं, सभागृहाशी त्याचा संबंध काय?”

ती बांधणीखात्याच्या एका पेटाऱ्यावर बसली. पत्र केंद्राच्या माणसाचं नव्हतं, ‘वरचं की खालचं’ हे पाहुण्यांच्या तोंडून निघालंच होतं. मास्तरांचंही नव्हतं, ज्याचे हात दर आठवड्याला दोन मथळे जुळवतात तो घाईतही एक लिहिणार नाही. हे पत्र अशा माणसाने लिहिलं होतं, ज्याच्या जगात एकच सभागृह होतं. ज्याने आयुष्यभर ‘सभागृहाच्या आदेशावरून’ हे शब्द लिहून त्याखाली सही केली होती. घाईत मेंदू केंद्राचं सोंग घेत होता, हात मात्र रोजचंच लिहून गेला.

तिघांतला उरला तो एक.

पण नुसतं समजून काय उपयोग? पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या ओळंब्यासमोर हंगामी दप्तरबाईचा शब्द कोण ऐकणार? विधेयक हातात यायला हवं. आणि घड्याळात तीन वाजत आले होते.

५

तीनला सासूबाई पुन्हा आल्या. ठमी रडून लालबुंद.

“घे बाई आधी हिला. सकाळपासून एक घास ठरत नाही तोंडात. आणि तुझं तोंड का असं उतरलंय?”

जिन्याखाली बसून तिने पदर ओढला. लेक चुटूचुटू पिऊ लागली, आणि तिने सासूला सगळं सांगितलं. लेकीची मूठ तिच्या बोटाला घट्ट धरून होती. एवढीशी मूठ, पण सोडायची नाही असं ठरवलेली.

“जाळलं असेल त्याने,” ती शेवटी म्हणाली.

“तो? टाचणी सरळ करणारा?” सासूबाईंनी नाक मुरडलं. “फडक्याची घडी घालून जाणारा माणूस कागद जाळतो होय? तुझे सासरे तसलेच होते. एकदा माझ्यावर रुसून माझं जातं लपवलं. मी अख्खं घर धुंडाळलं, माळे, कोनाडे, सगळं. कुठे सापडलं असेल? जात्याच्याच जागी. पोत्याने झाकून! पसारा करणाऱ्याची वस्तू कुठेही सापडते, सूनबाई. टापटिपीच्या माणसाला लपवतानासुद्धा वस्तू जागच्या जागीच ठेवावी लागते. नाहीतर झोप लागत नाही मेल्यांना.”

“पण तिची जागा तर माझं कपाट. तिथे नाहीये.”

“मग आता तिची दुसरी जागा कोणती?”

तिचा हात लेकीच्या पाठीवर थांबला.

पाचच्या आत विधेयकाची जागा तिचं कपाट. आणि पाचनंतर?

दप्तरखान्याच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. मुदतीत पुढे न गेलेली विधेयकं तिथे काळ्या फडक्यात बांधून ठेवत. कागदोपत्री ती ‘व्यपगत’, मुदत संपून बाद झालेली. कर्मचारी त्याला मढ्यांचं कपाट म्हणत. पाच वर्षांतून एकदा, विधानसभा संपल्यावर, सचिव स्वतः ते उघडत. किल्ली त्यांच्याच खिशात.

ठमी कडेवर, सासूबाई मागे, अशी ती त्या खोलीत शिरली. कपाटाला कुलूप होतं. पण बिजागऱ्या बाहेरच्या बाजूने होत्या.

“सासूबाई, अंबाड्यातली ती मोठी आकडी द्या.”

“सरकारी कपाट फोडणार?”

“फोडत नाही. बिजागरीची खीळ काढते. परत लावून ठेवीन.”

“मग थांब, पोरीला माझ्याकडे दे. असल्या कामाला दोन हात लागतात.”

गंजलेल्या खिळींशी बराच वेळ झटल्यावर दार एका अंगाने खाली झुकलं. आत वीस-पंचवीस काळी गाठोडी, प्रत्येकावर क्रमांक. शेवटचं गाठोडं नवं होतं. फडक्याला अजून दुकानातल्या घडीच्या रेषा होत्या.

तिने गाठ सोडली. अध्यक्षांची सही तिच्याकडे पाहत होती.

आणि गाठोड्याखाली, कपाटातल्या नोंदवहीत, सुवाच्य सरळ अक्षरात शेवटची ओळ: ‘पाळणाघर विधेयक. आज सायंकाळी पाच वाजता मुदत संपल्यामुळे व्यपगत.’ खाली सचिवांची पूर्ण सही.

तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ज्याला मरायला अजून पन्नास मिनिटं होती, त्याच्या मरणाची नोंद आधीच होऊन बसली होती.

६

सचिवसाहेबांच्या खोलीत ती शिरली तेव्हा पाहुणे समोर बसलेले होते. तिने नोंदवही उघडून टेबलावर ठेवली. विधेयक मात्र छातीशीच धरलं.

“ही नोंद कधी केलीत, साहेब?”

पाहुण्यांनी वाकून ती ओळ वाचली, घड्याळ पाहिलं, पुन्हा ओळ वाचली.

“क्रमांक दिल्याशिवाय त्या कपाटात काही ठेवता येत नाही तुम्हाला,” ती म्हणाली. “चोरीलासुद्धा क्रमांक दिलात. आणि पत्रात केंद्राच्या तोंडी एकच सभागृह घातलंत. तुमचं.”

सचिवसाहेब म्हणाले, “पस्तीस वर्षांत या सभागृहाचं एकही विधेयक केंद्राने परत पाठवलेलं नाही. एकही. तशी विधेयकं मी आधीच वळवली, दुरुस्त केली, थोपवली. हे पहिलं परत आलं असतं. नकाराचा शिक्का मारून. माझ्या शेवटच्या महिन्यात.” त्यांनी वर पाहिलं. “घरच्या घरी गेलेलं बरं, बाई. बाहेर नाचक्की नको.”

“आणि माझी नाचक्की?”

“सहा महिन्यांनी परत घेतलं असतं तुम्हाला.”

“कोणी? तुम्ही तर पुढच्या महिन्यात घरी.”

तो विचारच त्यांनी केलेला नव्हता, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

“साहेब, नकार येणार असेल तर येऊ दे. ज्याला नको त्याने आपल्या नावाची सही करून नको म्हणावं. मग आम्ही त्या नावापुढे उभ्या राहू आणि विचारू, का नको? गहाळ झालेल्या कागदासाठी कोणाच्या दारात उभं राहायचं?” तिने कागद फाटकाबाहेर न्यायची जावक चिठ्ठी पुढे सरकवली. “सकाळी तुम्ही माझी सही मागत होतात. आता मी तुमची मागते.”

“नाही केली तर?”

“तर ही वही घेऊन अध्यक्षांकडे जाते. केलीत तरी जाणारच आहे, पण परत आल्यावर. आधी विधेयक.”

पाहुणे खोकले. “साक्षीदार म्हणून मी आहे. आणि आधीच सांगून ठेवतो बाई, मी आजच तिकडे कळवणार. हे राखून ठेवा म्हणून.”

“कळवा. पत्राखाली नाव घाला तुमचं. फराटा नको.”

सचिवसाहेबांनी सही केली. या वेळी ती किंचित वाकडी आली.

राजभवनाच्या आवक खिडकीशी ती पोचली तेव्हा पाचला बारा मिनिटं होती. कारकुनाने शिक्का मारला, वेळ लिहिली, पोच दिली आणि विधेयक चाळू लागला.

“हे केंद्राच्या कायद्याशी भिडतंय,” तो म्हणाला. “बरेच दिवस लागतील. लगेच काही होईल अशी आशा ठेवू नका.”

“आशा ठेवायला नाही आले. विधेयक ठेवायला आले.”

बरोबर आलेल्या सासूबाईंच्या कडेवर ठमीने सूर धरला. तीनचं पिणं अर्ध्यावरच सुटलं होतं. दालनात भेटीला येणाऱ्यांसाठी मखमली बैठक होती, माणसं येत-जात होती, भिंतीवर आजवरच्या सगळ्या राज्यपालांच्या तसबिरी. ती त्या बैठकीवर बसली, लेकीला घेतलं आणि पदर सारखा केला.

खिडकीतला कारकून अर्धा उभा राहिला. “अहो बाई! इथे नाही चालणार हे.”

“मग कुठे चालेल?”

“ते मी काय सांगू?”

“तुमच्या हातात आहे ते,” ती लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. “कलम तीन. वाचा, आम्ही बसलोय.”